रात्रपाळीला कोण असते? भंडारा जिल्ह्यातील आरोग्य मनुष्यबळाचा आढावा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, दीड-दोनच्या सुमारास, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. काही भाजून, बहुतेक धुराने गुदमरून. चौकशी झाली आणि २१ जानेवारीला कारवाई जाहीर झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित, अतिरिक्त शल्यचिकित्सकांची बदली, एक वैद्यकीय अधिकारी आणि एक परिसेविका निलंबित. कंत्राटी बालरोगतज्ज्ञ आणि दोन कंत्राटी परिचारिका यांची सेवा समाप्त. पुढे त्या दोन परिचारिकांवर गुन्हाही नोंदवला गेला.

कोणाची चूक किती, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे. पण कारवाईची ही यादी मनुष्यबळाच्या अंगाने वाचली तर जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेची रचनाच त्यात दिसते. वर डॉक्टरच व्यवस्थापक, मध्ये एक परिसेविका, तळाशी कंत्राटी माणसे. आणखी एक गोष्ट तेव्हा वृत्तपत्रांतून आली होती. रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेच्या कामाचा प्रस्ताव आदल्या वर्षी वर गेला होता आणि मंजुरीची वाट पाहत होता. कुठल्या तरी टेबलावर ती फाईल होती. त्या टेबलामागे एक लिपिक आणि एक अधिकारी असायला हवा होता. कारवाईच्या यादीत ते टेबल नाही.

या लेखाचा विषय ते टेबल, ती परिचारिका आणि त्या दोघांमधला व्यवस्थापक हा आहे. सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या रिक्त पदांची चर्चा आपल्याकडे बहुधा डॉक्टरांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. परिचारिकांची पदे वेगळ्या तक्त्यात मोजली जातात, लिपिकांची वेगळ्या, आणि व्यवस्थापकांची तर मोजलीच जात नाहीत. रुग्णालयाच्या प्रत्यक्ष दिवसात, आणि त्याहून अधिक रात्रीत, ही तिन्ही पदे एकाच दोरीला बांधलेली असतात. एकाची जागा रिकामी राहिली की तिचा भार दुसऱ्याच्या हातावर येतो, आणि शेवटी तो खाटेवरच्या माणसाला सोसावा लागतो.

जिल्ह्याची चौकट

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा जिल्ह्यात सात तालुके उरले: भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२,००,३३४. दहातली आठ माणसे खेड्यात राहतात. वैनगंगा, चुलबंद, बावनथडी, सूर या नद्या, शेकडो तलाव आणि त्यांच्या पाण्यावर उभा राहिलेला धान, ही जिल्ह्याची ओळख.

आरोग्यसेवेची इमारत तीन मजल्यांची आहे. तळाला १९३ उपकेंद्रे आणि ३३ प्राथमिक आरोग्य केंद्रे. ती जिल्हा परिषदेची, आणि त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. त्यावर मोहाडी, पवनी, लाखनी, लाखांदूर, सिहोरा, अड्याळ, पालांदूर इथली ग्रामीण रुग्णालये आणि तुमसर-साकोलीची उपजिल्हा रुग्णालये. सर्वांत वर भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, खाटा पाचशेच्या जवळ. हे वरचे दोन मजले राज्य शासनाचे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालचे. या दोन्ही व्यवस्थांमध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी मनुष्यबळ काम करते. त्यांचा पगार, त्यांच्या अटी आणि त्यांचे पोर्टल वेगळे.

म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या तीन परिचारिका, एक जिल्हा परिषदेची, एक शासनाची, एक अभियानाची, एकच काम करत असल्या तरी त्यांची नेमणूक करणारा अधिकारी वेगळा, सेवाज्येष्ठता वेगळी, बदलीचे नियम वेगळे. पवनीच्या केंद्रात जागा रिकामी असेल आणि भंडाऱ्याच्या रुग्णालयात एखादी परिचारिका जायला तयार असेल, तरी ते सहज घडत नाही, कारण दोघींची आस्थापना वेगळी. जिल्ह्यात एकूण किती परिचारिका आहेत, हा साधा प्रश्न विचारला तरी उत्तरासाठी तीन कार्यालयांत जावे लागते.

मंजूर पद आणि जागी असलेली परिचारिका

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मांडला गेला. त्यानुसार सार्वजनिक आरोग्य विभागात मंजूर पदांच्या तुलनेत डॉक्टर २२ टक्के, परिचारिका ३५ टक्के आणि निमवैद्यकीय कर्मचारी २९ टक्के कमी होते. म्हणजे डॉक्टरांपेक्षा परिचारिकांचा तुटवडा मोठा. आपल्या सार्वजनिक चर्चेत हे प्रमाण कधी उमटलेले नाही.

पण ३५ टक्के हा आकडासुद्धा परिस्थितीला झाकतो. तो मंजूर पदांवर काढलेला आहे, गरजेवर नाही. खाटा वाढतात, नवे कक्ष सुरू होतात, यंत्रे येतात. मंजूर पदांची यादी, म्हणजे आकृतिबंध, मात्र जुनाच राहतो. जुन्या आकृतिबंधात सगळी पदे भरली तर कागदावर रिक्त पदे शून्य होतील आणि वॉर्डात तरीही हात अपुरेच पडतील.

गणित करून पाहू. आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका आठवड्याला ४८ तास काम करते असे धरले, तर एका जागेवर अहोरात्र एक परिचारिका जागी ठेवायला साडेतीन जणी लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण यांसाठी भारतीय परिचर्या परिषद ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरायला सांगते. ते मिळवले की आकडा साडेचारच्या वर जातो. तेव्हा साडेचार नेमणुका केल्या तर एक परिचारिका सतत जागी राहते. रिक्त पदांच्या प्रत्येक बातमीला हे सूत्र लावून पाहावे.

केंद्र शासनाच्या २०१२ च्या सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार ५०० खाटांच्या जिल्हा रुग्णालयात २२५ परिचारिका हव्यात. साडेचाराने भागले तर एका वेळी कामावर ५०. त्यातून शस्त्रक्रियागृह, प्रसूतिगृह, अतिदक्षता विभाग, नवजात कक्ष, अपघात विभाग वजा करा. राहिलेल्या परिचारिका वॉर्डांत वाटल्या की एकीच्या वाट्याला पंधरा-वीस रुग्ण सहज येतात, आणि हे सगळी पदे भरलेली असताना. राज्याचे ३५ टक्के तुटीचे प्रमाण इथे लावून पाहिले तर २२५ च्या १४६ होतात आणि एका वेळच्या ५० च्या ३२. रात्रपाळीला एक परिचारिका दोन वॉर्ड सांभाळते असे जे आपण ऐकतो, ते या भागाकारातून येते.

नवजात कक्षाचे मापदंड याहून कडक आहेत, आणि योग्य कारणाने. तिथले रुग्ण हाक मारू शकत नाहीत. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी. १७ बाळांसाठी किमान चार, खरे तर पाच. साडेचारचे सूत्र लावले की फक्त त्या एका कक्षासाठी वीसहून अधिक नेमणुका.

परिचारिका आणि रुग्ण यांच्या प्रमाणाचा जीवाशी थेट संबंध आहे, हे जगात अनेकदा तपासले गेले आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये परिचारिकेवर एक जास्तीचा रुग्ण आला की महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदाच केला आणि २००४ पासून प्रत्येक विभागासाठी प्रमाण बंधनकारक केले. आपल्याकडे मापदंड आहेत, पण ते मोडले तर कोणी कोणाला जाब द्यायचा, हे कुठेच लिहिलेले नाही.

गावातली सेविका

प्राथमिक आरोग्य केंद्र चोवीस तास उघडे असावे, ही शासनाची अपेक्षा. २०१२ च्या मानकांत अशा केंद्राला अत्यावश्यक म्हणून तीन परिचारिका दिल्या आहेत. वरचे सूत्र आठवा: एकीला सतत जागे ठेवायला साडेचार लागतात. तीन परिचारिकांत चोवीस तासांचे केंद्र चालत नाही. चालते तेव्हा कोणाच्या तरी साप्ताहिक सुटीवर आणि झोपेवर चालते.

भंडाऱ्यात याचा अर्थ पावसाळ्यात कळतो. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू होते. बायामाणसे दिवसभर बांधीत वाकलेली, पाय चिखलात, धुऱ्यावर गवत वाढलेले. सापाचे दंश याच दिवसांत वाढतात. हिवताप आणि डेंगूही. सर्पदंशाच्या रुग्णाला पहिल्या तासाभरात प्रतिविष मिळावे लागते. औषध केंद्राच्या फ्रीजमध्ये असते, पण ते सलाईनमधून देताना रुग्णाला त्याची तीव्र प्रतिक्रिया तर येत नाही ना, हे पाहत शेजारी बसणारे कोणी तरी लागते. त्या रात्री डॉक्टर एकटा असेल तर तो रुग्णाला घेऊन बसेल की नुकत्याच आलेल्या बाळंतिणीकडे जाईल? अशा वेळी भंडाऱ्याला पाठवणे हाच मार्ग उरतो, आणि भंडाऱ्याहून पुढे नागपूरला.

उपकेंद्रावरच्या आरोग्य सेविकेचा प्रश्न आणखी वेगळा. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० मागे एक, हा देशाचा नियम. भंडारा हा गडचिरोलीसारखा अनुसूचित क्षेत्रातला जिल्हा नाही, त्यामुळे इथे पाच हजारांचा नियम लागतो. ग्रामीण लोकसंख्येला पाच हजाराने भागले की जवळजवळ १९३ हाच आकडा येतो. पण तुमसरच्या उत्तरेकडची जंगलालगतची गावे, गोंड आणि हलबा वस्त्या, पावसात तुटणाऱ्या वाटा हे सगळे सपाट प्रदेशाच्या हिशेबात बसवले गेले आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि काठची गावे वेढली गेली, तेव्हा पाच हजार माणसांमागे एक सेविका म्हणजे काय, हे त्या गावांनी कोरोनाच्या साथीतच अनुभवले.

शिवाय जिल्ह्याची दुखणीही वेगळी आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे आणि हत्तीरोगही. हत्तीरोगाचे जंतू रक्तात रात्री वावरतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्री घरोघरी जाऊन घ्यावे लागतात. सार्वत्रिक औषधोपचाराच्या मोहिमेत प्रत्येकाला समोर बसवून गोळ्या खायला घालाव्या लागतात. हे काम आरोग्य सेवक, सेविका आणि आशा करतात. याच सेविकेकडे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंबकल्याण, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी. आणि या प्रत्येक कामाची एक नोंदवही, वर एक ॲप. त्यातून आपण लिपिकापाशी येतो.

लिपिक नसलेल्या टेबलाची किंमत

लिपिक या शब्दाबद्दल आपल्या मनात आदर नाही. आरोग्य खात्यात लिपिक वाढवा, अशी मागणी कोणी मोर्चा काढून करत नाही. लोकप्रतिनिधीही डॉक्टर मागतात. पण रुग्णालयात लिपिक काय करतो, ते एकदा नीट पाहायला हवे.

तो केसपेपर काढतो. आवक-जावक सांभाळतो. औषधांची मागणी नोंदवतो, भांडाराचा हिशेब ठेवतो. पगारपत्रके करतो, सेवापुस्तके भरतो, रजेची नोंद घेतो, निवृत्तिवेतनाची प्रकरणे तयार करतो. जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि अपंगत्वाची प्रमाणपत्रे त्याच्या हातून जातात. लाखांदूरहून प्रमाणपत्रासाठी आलेला सिकलसेलचा रुग्ण दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत जातो, तेव्हा डॉक्टरांनी तपासलेले असते आणि कागद पुढे सरकवणारे कोणी नसते, असेही होते.

२०१२ च्या मानकांत प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखा आणि संगणकाचे काम एकत्र करणारा एकच माणूस दिला आहे. जिल्हा परिषदेच्या भाषेत तो कनिष्ठ सहाय्यक. ती एक जागा रिकामी राहिली तर केंद्रातले सगळे कागद कोणाकडे जातात? औषधनिर्मात्याकडे, आरोग्य सहायिकेकडे, परिचारिकेकडे. वॉर्डातली परिचारिका इंजेक्शने देऊन झाल्यावर इंडेंट लिहिते, आहाराचे रजिस्टर भरते, विमा योजनेची कागदपत्रे जुळवते, दिवसाचा अहवाल ऑनलाइन चढवते. बाळंतिणीला मिळणारे अनुदान अडकले की तिची आई सेविकेलाच विचारते, कारण नोंद तिनेच करायची असते.

म्हणून मला वाटते, लिपिकाचे पद रिक्त असते तेव्हा परिचारिकेच्या पदाचाही काही हिस्सा त्याच्याबरोबर रिक्त होतो. आठ तासांच्या पाळीत दोन तास कागदात गेले, तर मापदंडाने भरलेल्या चार परिचारिकांमागे एक परिचारिका खाटेपासून दूर गेलेली असते. कुठल्याही तक्त्यात ती रिक्त दिसत नाही.

लिपिकाचा परिचारिकेशी दुसरा संबंध आणखी खोल आहे. रिक्त पद आपोआप भरले जात नाही. आधी ते रिक्त असल्याची नोंद आस्थापना शाखेने घ्यायची. मग बिंदुनामावली अद्ययावत करायची, म्हणजे कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा ते मांडायचे. ती विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. मग मागणीपत्र, जाहिरात, परीक्षा, कागदपत्र पडताळणी, नियुक्तीचा आदेश. पदोन्नतीसाठी ज्येष्ठता यादी, गोपनीय अहवाल, विभागीय पदोन्नती समितीची बैठक. ही सारी लिपिकाची आणि कार्यालयीन अधीक्षकाची कामे. आस्थापनेच्या टेबलावर माणूस नसेल किंवा एकाच माणसाकडे तीन टेबले असतील, तर बिंदुनामावली थांबते, ती थांबली की मागणीपत्र थांबते, आणि अधिपरिचारिकेची जागा आणखी एक वर्ष रिकामी राहते. परिचारिकेच्या रिक्त पदाची सुरुवात अनेकदा लिपिकाच्या रिकाम्या खुर्चीपासून होते.

व्यवस्थापक कोणाला म्हणायचे?

महाराष्ट्राच्या जिल्हा रुग्णालयात व्यवस्थापक ही वेगळी जमात जवळजवळ नाही. जिल्हा शल्यचिकित्सक हाच प्रमुख डॉक्टर, हाच प्रशासक, हाच खरेदी अधिकारी. गर्भलिंगनिदान कायद्याची अंमलबजावणी, वैद्यकीय मंडळे, न्यायालयातल्या साक्षी, मंत्र्यांचे दौरे, विजेची थकीत बिले, लिफ्टची दुरुस्ती आणि अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव, सगळे त्याच्याकडे. शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेल्या माणसाने इमारतीचे अग्निपरीक्षण कसे करून घ्यावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. त्यातही अनेक जिल्ह्यांत ही पदे बराच काळ प्रभारी असतात. अतिरिक्त कार्यभार असलेला अधिकारी मोठा निर्णय घ्यायला कचरतो. ज्या खुर्चीवर आपण किती दिवस आहोत हे ठाऊक नाही, तिथून पाच वर्षांचा आराखडा आखता येत नाही.

परिचर्येची खरी व्यवस्थापक म्हणजे अधिसेविका, जिला सगळे मेट्रन म्हणतात. तिच्या हाताखाली सहाय्यक अधिसेविका आणि परिसेविका. पाळ्यांचा तक्ता त्या लावतात. आज कोण रजेवर, कोणाला कोणत्या वॉर्डातून काढून कुठे द्यायचे, नवी मुलगी एकटी रात्रपाळी करू शकेल का, हे त्यांना कळते. ही पदे प्रामुख्याने पदोन्नतीने भरायची. ज्येष्ठता यादी रखडली की ती रिकामी राहतात, आणि रात्रीची देखरेख करणारे कोणी उरत नाही. वॉर्डात परिचारिका असते, पण वॉर्ड फिरून पाहणारी वरिष्ठ नसते. मग चूक लहान असताना कोणाच्या लक्षात येत नाही.

अभियानाने २००५ नंतर व्यवस्थापनाची एक समांतर फळी उभी केली: जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, लेखा व्यवस्थापक, तालुका समूह संघटक. कामाची माणसे. पण ती जवळजवळ सगळी कंत्राटी. म्हणजे जिल्ह्याचा आरोग्याचा पैसा आणि आराखडा ज्यांच्या हाती, त्यांचीच नोकरी वर्षावर्षाच्या नूतनीकरणावर. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने सार्वजनिक आरोग्य आणि व्यवस्थापन संवर्ग उभारण्यासाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. डॉक्टरकी आणि प्रशासन यांचे संवर्ग वेगळे करावेत, रुग्णालय चालवण्याचे शिक्षण घेतलेल्यांना त्यात जागा द्यावी, हा त्यांचा गाभा. जिल्हा रुग्णालयात तो बदल रुजणे अजून बाकी आहे.

इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयावरचा अहवाल २०१३ मध्ये आला. तिथे व्यवस्थापनाने पैशांच्या उद्दिष्टांपायी परिचारिका कमी केल्या आणि रुग्णांची दैना झाली, हे त्याने उघड केले. व्यवस्थापक भरपूर असले तरी त्यांची नजर वॉर्डावर नसेल तर उपयोग नाही, हा त्याचा धडा. आपल्याकडे व्यवस्थापकच अपुरे, आणि त्यांची नजर वरून आलेल्या पत्रांवर. परिणाम सारखाच होतो.

भरतीची पाच वर्षे

पदे का भरली जात नाहीत, याचे उत्तर अलीकडच्या इतिहासात आहे. मार्च २०१९ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी १३,५२१ पदांची जाहिरात काढली. त्यात आरोग्य सेवक-सेविकांची पदे मोठ्या संख्येने होती. लाखो मुलामुलींनी शुल्क भरले. परीक्षा पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि अखेर २०२२ मध्ये प्रक्रियाच रद्द झाली. दरम्यान ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाने गट क आणि गट ड ची परीक्षा खासगी कंपनीमार्फत घेतली. पेपर फुटले, खात्यातल्या वरिष्ठांनाही अटक झाली. म्हणजे कोरोनाच्या साथीने मनुष्यबळाची गरज सर्वांना पटवली, त्याच काळात भरती सर्वाधिक रखडली.

ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्हीकडे नव्याने जाहिराती आल्या: आरोग्य विभागाच्या १०,९४९ पदांसाठी आणि जिल्हा परिषदांच्या १९,४६० पदांसाठी. परीक्षा झाल्या, नेमणुका सुरू झाल्या. २०१९ मध्ये अर्ज केलेल्या मुलीला पाच वर्षांनी आदेश हाती आला असेल, तर तोवर तिने नागपूरच्या खासगी रुग्णालयात नोकरी धरली असेल, किंवा लग्न होऊन ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली असेल.

वित्त विभागाचे बंधनही होतेच. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निर्णयाने, ज्या खात्यांचा आकृतिबंध अंतिम झाला त्यांना सरळसेवेची सर्व रिक्त पदे भरता येतील, इतरांना ८० टक्क्यांपर्यंतच, असे ठरले. ज्या खात्याने आकृतिबंध वेळेत केला नाही, त्याची शिक्षा खात्याला न होता तिथल्या रुग्णांना झाली. २०२५ मध्ये राज्याने १५० दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात आकृतिबंध, नियुक्तीचे नियम आणि अनुकंपा नेमणुका हे विषय होते. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यभर १०,३०९ जणांना नियुक्तिपत्रे दिली गेली. त्यांतले जवळजवळ अर्धे लोकसेवा आयोगामार्फत आलेले लिपिक-टंकलेखक. लिपिकांच्या रिकाम्या टेबलांची शासनाने घेतलेली ही दखल महत्त्वाची आहे. त्यांतले किती आरोग्याच्या कार्यालयांत टिकतात, यावर तिचे मोल ठरेल.

कंत्राट आणि बाहेरची माणसे

जागा भरता येत नाहीत म्हणून कंत्राट आले, आणि कंत्राट आहे म्हणून जागा भरण्याची निकड गेली. परिचारिकांची भरती बाह्यस्रोतातून करण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यातल्या शासकीय परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत शासकीय कार्यालयांत माणसे पुरवण्याचा निर्णय निघाला. तरुणांच्या रोषामुळे तो पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. २५ ऑक्टोबर २०२३ पासून अभियानाचे कंत्राटी कर्मचारी महिनाभराहून अधिक काळ संपावर होते. त्यानंतर १४ मार्च २०२४ च्या निर्णयाने, दहा वर्षे सेवा झालेल्यांना रिक्त पदांच्या ३० टक्के जागांवर सामावून घेण्याचे मान्य झाले. अंमलबजावणी लांबली म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून ते पुन्हा संपावर गेले.

अभियानाच्या संपांत खेड्यातली अनेक उपकेंद्रे बंद पडली, आणि त्या बंद पडण्यानेच कळले की व्यवस्था किती मोठ्या प्रमाणात या माणसांवर उभी आहे. ज्यांच्याविना एक आठवडा चालत नाही, त्यांना आपण वर्षानुवर्षे तात्पुरते म्हणतो. भंडाऱ्याच्या नवजात कक्षात कायम आणि कंत्राटी यांच्या जबाबदारीत फरक नव्हता. शिक्षेत मात्र होता. कायम कर्मचारी निलंबित झाले, कंत्राटी घरी गेले.

साठ किलोमीटरवरचे नागपूर

भंडाऱ्याच्या मनुष्यबळाचा विचार नागपूरशिवाय होत नाही. महामार्गाने नागपूर सुमारे साठ किलोमीटर. गंभीर रुग्ण तिकडे जातो, हे व्यवस्थेचे एक तोंड. दुसरे तोंड कर्मचाऱ्यांचे. मुलांच्या शाळा, नवऱ्याची नोकरी, चांगले घर नागपुरात, म्हणून अनेकांचे रोजचे अपडाऊन. मुख्यालयी राहा, असे आदेश दरवर्षी निघतात. पण साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या निवासस्थानात पाणी आणि सुरक्षितता नसेल, तर एकट्या राहणाऱ्या परिचारिकेकडून आदेशाच्या जोरावर काय अपेक्षा करायची? परिचारिकेला दूरच्या गावात टिकवायचे तर आधी तिला राहण्याजोगे घर द्यावे लागेल. हे काम आरोग्य खात्याचे आणि बांधकाम खात्याचे मिळून आहे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यात भंडारा आहे. जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट. पण त्याबरोबर एक जबाबदारीही आली. वैद्यकीय शिक्षण विभागाची आस्थापना वेगळी, सार्वजनिक आरोग्य विभागाची वेगळी. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालात वैद्यकीय शिक्षण विभागातही परिचारिकांची तूट ३५ टक्केच होती, आणि डॉक्टरांची ३७ टक्के. तेव्हा एका विभागातले अपुरे मनुष्यबळ दुसऱ्यात वळते करून महाविद्यालय उभे राहणार नाही. नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यानंतर राज्यभर रिक्त पदांची चर्चा झाली, न्यायालयाने शासनाला जाब विचारला. तो धडा भंडाऱ्याच्या नव्या महाविद्यालयाने पहिल्या दिवसापासून जवळ ठेवायला हवा.

काय करता येईल

पहिली गोष्ट, मोजणी बदलावी. मंजूर, भरलेली, रिक्त या तीन रकान्यांना चौथा रकाना जोडावा: प्रत्येक पाळीत प्रत्यक्ष हजर. जिल्हा परिषद, शासन आणि अभियान या तिन्हींचे मनुष्यबळ एकाच जिल्हा तक्त्यात यावे. दुसरी, आकृतिबंध खाटांना बांधावा. नवीन कक्षाच्या उद्घाटनाची तारीख आणि त्याच्या पदमंजुरीची तारीख एकच असावी. तिसरी, भरती सतत चालावी. तमिळनाडूने २०१२ मध्ये आरोग्यसेवेसाठी स्वतंत्र भरती मंडळ स्थापन केले. तशा मंडळाची मागणी महाराष्ट्राने गांभीर्याने घ्यावी. पाच वर्षांतून एकदा लाखो मुलांची परीक्षा घेण्यापेक्षा दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांइतक्या जागा भरणे सोपे आणि पेपरफुटीपासूनही अधिक सुरक्षित. चौथी, परिचारिकेच्या हातातला कागद काढून घ्यावा. प्रत्येक वॉर्डामागे नाही तरी दोन-तीन वॉर्डांमागे एक लिपिक, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित कनिष्ठ सहाय्यक. एका लिपिकाच्या पगारात परिचारिकांचे कित्येक तास रुग्णाकडे परततील. पाचवी, जिल्हा रुग्णालयाला प्रशिक्षित प्रशासक द्यावा आणि इमारत, वीज, आग, यंत्रे यांची जबाबदारी नावासह त्याच्यावर ठेवावी. अधिसेविका आणि परिसेविकांच्या पदोन्नत्यांची यादी दरवर्षी ठरल्या तारखेला निघावी.

यांतल्या कुठल्याही गोष्टीला नवे विज्ञान लागत नाही. नोंद वेळेवर, यादी वेळेवर, आदेश वेळेवर, एवढेच लागते.

आग लागली त्यानंतर राज्यभर अग्निपरीक्षणाचे आदेश निघाले, यंत्रणा बसवण्याची कामे सुरू झाली. तेही हवेच होते. पण धूर पहिल्यांदा नाकाला लागतो तो जागे असलेल्या माणसाच्या. म्हणून प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागात एक फळा असावा. त्यावर रोज संध्याकाळी आठ वाजता लिहावे: आज रात्री रुग्ण किती, नवजात बाळे किती, परिचारिका किती, देखरेखीला कोण, जबाबदार अधिकारी कोण. बाळंतिणीबरोबर आलेल्या मोहाडीच्या आजीला तो वाचता यावा. तिचा नातू आत काचेच्या पेटीत ठेवलेला असताना, पहाटे दीड वाजता त्याच्याजवळ कोण आहे, हे तिला कळण्याचा अधिकार आहे.